मुलाच्या मोबाईलमध्ये तसले व्हिडिओ सापडले तर

खानापूर तालुक्यातल्या एका आईने विचारलं आहे: "मुलगा नववीत आहे, चौदा वर्षांचा. त्याचे बाबा गोव्याला कामाला, महिन्यातून एकदा येतात. मोबाईल चार्जिंगला लावताना व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर घाण व्हिडिओ दिसले. एक-दोन नाहीत, बरेच. त्याला अजून काही बोलले नाही. ह्याने डोक्यावर कायमचा परिणाम होतो का? मोबाईल काढून घेऊ का? बाबांना सांगितलं तर ते मारतील. मला तर त्याच्या तोंडाकडे बघवत नाही."

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी देते. त्याच्या तोंडाकडे बघणं सोडू नका. आईने तोंड फिरवलं हे चौदा वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी कळतं. का फिरवलं हे कुणी सांगितलं नाही, तर तो आपल्या मनानेच कारण शोधतो, आणि ते बहुतेक वेळा ‘मीच वाईट आहे’ हेच असतं. बेळगावात किशोरवयीन मुलामुलींवर मानसोपचाराचं काम करताना या विषयावर मी बऱ्याच घरांशी बोलले आहे. त्यांतल्या कित्येक घरांत व्हिडिओंनी केलं त्याहून जास्त नुकसान व्हिडिओ सापडल्यानंतरच्या आठवड्याभरात झालेलं होतं. तुम्ही अजून काही बोलला नाहीत, हे बरंच झालं. बोलायचं तर आहेच, पण जरा ठरवून.

तुमचा मुलगा जगावेगळा नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि ऑनलाइन वर्गासाठी बाबांचा जुना मोबाईल पोरांच्या हातात गेला, तो परत आलाच नाही. इंग्लंडच्या बालहक्क आयुक्तांनी २०२३ साली सोळा ते एकवीस वयाच्या तरुणांना विचारून अहवाल काढला, त्यात पॉर्न पहिल्यांदा बघण्याचं सरासरी वय १३ निघालं. दहातल्या एकाने तर नऊ वर्षांचा होईपर्यंतच बघितलेलं होतं. आपल्याकडची पोरं मला जे सांगतात ते यापेक्षा वेगळं नाही. बहुतेकांनी पहिला व्हिडिओ स्वतः शोधलेला नसतो. गणपतीला नाहीतर मे महिन्यात पुण्याहून आलेला चुलत भाऊ दाखवतो. क्रिकेट टीमच्या नावाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकतं. गेम खेळताना जाहिरात येते, बोट लागतं.

म्हणून त्याला पहिला प्रश्न ‘का बघितलंस?’ हा विचारू नका. त्याला उत्तर नसतं. ‘पहिल्यांदा कुणी दाखवलं?’ हे विचारा, आणि चढ्या आवाजात नको. हा प्रश्न मी मुद्दाम पुढे घेते आहे. दाखवणारा बरोबरीचा मित्र असेल तर ती एक गोष्ट. दाखवणारा मोठा माणूस असेल, म्हणजे शेजारचा, नात्यातला, शिकवणीचा, तालमीतला, तर ती गोष्ट पूर्ण वेगळी आहे. लहान मुलाला अश्लील चित्रण दाखवणं हा २०१२ च्या पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून वाचवणाऱ्या कायद्याखाली लैंगिक छळाचा गुन्हा आहे. कितीतरी अत्याचारांची सुरुवात अशीच होते: आधी व्हिडिओ, मग ‘कुणाला सांगू नको’, मग हात. मुलगा आहे, त्याला काय होतंय, असं आपल्याकडे अजून मानतात. मुलग्यांनाही होतं, आणि ते मुलींपेक्षा उशिरा सांगतात.

आता डोक्यावरच्या परिणामाचं. पॉर्न बघितल्याने मेंदू आकसतो असा एक मेसेज फिरत असतो, तुम्हालाही आला असेल. त्याचं मूळ २०१४ सालच्या जर्मनीतल्या एका अभ्यासात आहे. त्यात ६४ निरोगी प्रौढ पुरुष होते. जे जास्त तास बघत होते त्यांच्या मेंदूतला एक विशिष्ट भाग सरासरीने थोडा लहान दिसला. बघण्यामुळे तो लहान झाला, की ज्यांचा मुळातच लहान आहे ते जास्त बघतात, हे त्या अभ्यासातून ठरवता येत नाही. मुलांवर तर तो अभ्यास नव्हताच. पुढे ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी किशोरवयीनांवरचं १९९५ ते २०१५ या वीस वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं. जास्त बघणाऱ्या मुलांमध्ये लैंगिक संबंधांबद्दलची मतं सैल आणि बाई-पुरुषांच्या भूमिकांबद्दलच्या समजुती साचेबंद असण्याचा कल त्यांना दिसला. कशामुळे काय होतं, याचा निर्णय मात्र त्यांनीही दिला नाही. तेव्हा ताई, तुमच्या मुलाचं डोकं बिघडलेलं नाही. कायमचं तर नाहीच.

पण म्हणून काहीच होत नाही, असं मी म्हणणार नाही. मला रोज जे दिसतं ते असं आहे.

सगळ्यात जास्त पोरं येतात ती स्वतःच्या शरीराची भीती घेऊन. व्हिडिओतले पुरुष निवडलेले असतात, चित्रण तुकड्यातुकड्यांनी होतं, पुष्कळदा औषधं घेतलेली असतात. हे पोरांना कुणी सांगत नाही. ती आरशासमोर उभी राहून स्वतःला मोजतात आणि आपण कमी आहोत असं ठरवून टाकतात. त्यात आपल्याकडे धातूची भीती आधीपासूनच आहे. वीर्य गेलं की ताकद गेली, डोळे खोल गेले, अभ्यास लक्षात राहीना. या लक्षणांना ‘धात सिंड्रोम’ हे नाव डॉ. एन. एन. विग यांनी १९६० सालीच दिलं, म्हणजे मोबाईलच्या कितीतरी आधी. हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, उंची खुंटत नाही, पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. एवढी तीन वाक्यं घरातल्या कुणी सांगितली असती, तर भिंतीवरच्या जाहिराती वाचून हजारो रुपयांच्या पुड्या खाऊन आलेली कितीतरी पोरं माझ्यापर्यंत आलीच नसती.

दुसरी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. व्हिडिओत कुणी कुणाला विचारत नाही. बाई नको म्हणते, पुरुष थांबत नाही, आणि शेवटी तिला आवडलं असं दाखवतात. मारणं, गळा धरणं, केस ओढणं हे सगळं प्रेमाचा भाग म्हणून येतं. वर सांगितलेल्या इंग्लंडच्या अहवालात ७९ टक्के तरुणांनी अठरा वर्षांच्या आत असं हिंसक चित्रण पाहिल्याचं सांगितलं होतं. पीयूसीतला, म्हणजे अकरावी-बारावीतला, घरी शांत, अभ्यासात बरा असा मुलगा माझ्यासमोर बसून मनापासून म्हणतो, "पोरींनी आधी नाही म्हणायचं असतंय की हो डॉक्टर, नंतर होय म्हणतात." त्याला यात वावगं काही वाटत नसतं. त्याने जे बघितलं त्याला खोडून काढणारं दुसरं कुणी त्याच्याशी कधी बोललेलंच नसतं. असा मुलगा मला दुष्ट वाटत नाही, पण त्याला असंच सोडून देणं धोक्याचं आहे. त्याच्यासाठी आणि उद्या त्याच्या आयुष्यात येणाऱ्या मुलीसाठीही. तुमच्या मुलाने किती व्हिडिओ बघितले याचा हिशेब मी फारसा धरत नाही. ते बघून त्याच्या मनात काय बसलं, आणि ते विचारायला त्याला एक तरी मोठं माणूस आहे का, हे मला कळलं पाहिजे.

झोप आणि अभ्यासाचं तुम्हाला माहीतच आहे. रात्री पांघरुणात मोबाईल, सकाळी डोळे लाल, पहिल्या तासाला डुलक्या. हे पॉर्नचं कमी आणि रात्रीच्या मोबाईलचं जास्त असतं. रील बघणाऱ्याचंही तेच होतं.

आणि व्यसन? घरचे हा शब्द पटकन वापरतात, पोरंही स्वतःला लावून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, ‘लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटणं’ असा एक विकार आहे, पण तो व्यसनांमध्ये धरलेला नाही. तो ठरवायला लक्षणं बरेच महिने, साधारण सहा महिने किंवा जास्त, टिकून असावी लागतात: प्रयत्न करूनही थांबता येत नाही, शाळा, खेळ, मित्र, जेवणखाण सगळं मागे पडतं, आनंदही मिळत नाही तरी बघणं चालूच राहतं. आणि एक अट आईबापांनी नीट लक्षात ठेवावी अशी आहे. केवळ ‘हे पाप आहे’ या विचाराने होणारा त्रास या निदानाला पुरत नाही.

ही अट आपल्या भागात फार कामाची आहे. आपल्याकडे घराघरांत माळकरी आहेत. आजोबांच्या गळ्यात माळ, घरी एकादशी, आषाढीला पायी दिंडी. अशा घरातला मुलगा महिन्यातून दोनदा काहीतरी बघतो आणि देवघरात जायचं सोडतो. आपला हात विटाळला, आपण आजोबांच्या पाया पडायच्या लायकीचे नाही, असं त्याला वाटतं. जोशुआ ग्रब्ज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हेच पुष्कळ अभ्यासांतून दाखवलं आहे: ज्यांना पॉर्न बघणं नीतीला सोडून वाटतं, ते थोडंसं बघूनही स्वतःला व्यसनी समजतात आणि त्या समजुतीनेच खचतात. श्रद्धा सोडा असं मी कुणालाही सांगत नाही. त्या मुलाला मी एवढंच सांगते की तुझ्या वयात शरीराबद्दल कुतूहल येणं हे देवानेच केलेलं आहे. चुकीच्या ठिकाणी उत्तर शोधलंस, एवढंच झालं. आणि आईबापांना हात जोडून सांगते, त्याला देवापुढे शपथ घालू नका. शपथ पंधरा दिवसांत मोडते, कारण वय चौदा आहे. मग तो व्हिडिओ बघणारा मुलगा राहत नाही, देवाची शपथ मोडणारा मुलगा होतो. त्या ओझ्याने जीव द्यायच्या गोष्टी बोलणारी मुलं मी पाहिली आहेत.

मुलींबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. मुलीही बघतात. त्यांना कुणी विचारत नाही, आणि सापडल्या तर शिक्षा वेगळी असते. मुलाचा मोबाईल जातो, मुलीची शाळा जाते. दहावीचा निकाल लागायच्या आत स्थळं बघायला लागतात. उत्तर कर्नाटकात बालविवाह अजून पूर्ण थांबलेले नाहीत, आणि काहींच्या मागे असला एखादा मोबाईल असतो. मोबाईलमध्ये व्हिडिओ सापडला म्हणून अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं हा गुन्हा आहे. तसा विचार कुणाच्या घरात चालू असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. फोन करणाऱ्याचं नाव सांगावं लागत नाही.

आता बोलायचं कसं ते. समोरासमोर बसवून, दार लावून, आज्जीला शेजारी घेऊन नको. शेतावर जाताना, भांडी पुसताना, गाडीवर मागे बसलेला असताना बोला, म्हणजे नजरेला नजर द्यावी लागत नाही. शब्द साधे ठेवा. "तुझ्या मोबाईलवर ग्रुपमध्ये काय येतंय ते मला दिसलं. मी रागावलेली नाही. तुझ्या वयात हे बघावंसं वाटतं, पण त्यात दाखवतात तसं खरं नसतं. खऱ्यात माणूस समोरच्याला विचारतो, नको म्हटलं की थांबतो, कुणाला दुखवत नाही. तुला काही विचारायचं असेल तर मला विचार, मला नाही विचारवलं तर डॉक्टरना विचार." एवढंच. तो गप्प बसेल, नाहीतर ‘मी नाही टाकलं, त्यांनी टाकलंय’ म्हणेल. म्हणू दे. पहिल्या दिवशी कबुली घ्यायची नसते. चार दिवसांनी तोच काहीतरी आडवळणाने विचारेल, तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवा.

बाबांना सांगायचं, पण फोनवर नको आणि ते घरी आल्या रात्री तर मुळीच नको. मार बसला तर एक गोष्ट नक्की होते: पुढच्या वेळी कुणी त्याला धमकी दिली तर तो घरी सांगणार नाही. बाबांशी आधी तुम्ही बोला. त्यांना विचारा, तुम्हाला चौदाव्या वर्षी कुणी काय सांगितलं होतं? बरेच बाप या प्रश्नाला गप्प होतात आणि मग नीट बोलतात. वडिलांनी मुलाशी पाच मिनिटं बोललेलं माझ्या पाच भेटींपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

मोबाईल पूर्ण काढून घेऊ नका. तो मित्राच्या मोबाईलवर बघेल, आणि ते तुम्हाला दिसणारही नाही. रात्री दहानंतर घरातले सगळे मोबाईल, तुमचासुद्धा, बाहेरच्या खोलीत एका ठिकाणी चार्जिंगला. हा नियम सगळ्यांना असला तरच टिकतो. मुलाच्या मोबाईलवर लक्ष ठेवणारं गुगलचं फॅमिली लिंक ॲप घालता येतं, सर्चमध्ये अश्लील गोष्टी गाळणारं सेफसर्च चालू करता येतं. लहान मुलांसाठी हे चांगलं आहे. पण फिल्टर वेबसाइट अडवतो. व्हॉट्सॲपवर मित्राने पाठवलेलं आणि टेलिग्रामवरचं त्याच्या हातात राहत नाही. २०१५ मध्ये केंद्र सरकारने एका फटक्यात ८५७ साइट बंद करायला सांगितल्या होत्या, २०१८ मध्ये पुन्हा आठशेच्या वर. काय झालं ते आपण बघतोच आहोत.

त्या ग्रुपचं मात्र आजच करा. मुलाला बरोबर घेऊन त्याला त्यातून बाहेर काढा, आणि व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होण्याची सोय बंद करा. यामागे कायद्याचं कारण आहे, ते त्यालाही समजावून सांगा. अश्लील व्हिडिओ पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ आणि ६७अ खाली गुन्हा आहे. व्हिडिओत अठराच्या आतलं मूल असेल तर कलम ६७ब लागतं, आणि तिथे शोधणं, बघणं, डाउनलोड करणं हेही गुन्ह्यात येतं. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात हे आणखी स्पष्ट केलं: असं चित्रण मोबाईलमध्ये साठवून ठेवणंसुद्धा पोक्सोखाली शिक्षेला पात्र ठरू शकतं. वर्गातल्या मुलीचा व्हिडिओ ‘फक्त मित्राला’ पाठवणारा मुलगा याच कलमांत सापडतो. पोरांना हे माहीतच नसतं. भीती घालण्यासाठी सांगू नका, त्या मुलीचं काय होतं हे सांगा. ती शाळेत यायची थांबते.

अजून एक, कारण गेल्या काही वर्षांत अशी मुलं वाढली आहेत. अनोळखी मुलीच्या नावाने मेसेज येतो, मग व्हिडिओ कॉल. समोर कपडे नसलेली बाई दिसते, मुलालाही तसंच करायला लावतात, आणि कॉल रेकॉर्ड होतो. दहा मिनिटांत धमकी: पैसे टाक, नाहीतर सगळ्या नातेवाइकांना पाठवतो. दुसऱ्या दिवशी ‘पोलीस’ म्हणून कुणीतरी फोन करतो. तोही त्यांच्यातलाच असतो. पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. चॅट पुसू नका, त्याचे स्क्रीनशॉट ठेवा, नंबर ब्लॉक करा, आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या नंबरवर लगेच कळवा. अठराच्या आतल्या मुलाचा फोटो-व्हिडिओ पसरू नये म्हणून ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. ती फोटो अपलोड न करता त्याचा एक सांकेतिक ठसा बनवते आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो अडवतात. तुमच्या मुलाला आत्ताच एकदा सांगून ठेवा: असं कधी झालं तर रात्री दोन वाजता उठवलंस तरी चालेल, मी आधी तुझ्या बाजूने उभी राहीन.

शाळेबद्दल एकच सांगते. किशोरवयीन मुलांना लैंगिक शिक्षण देण्याचा कार्यक्रम शाळांत आला तेव्हा २००७ साली महाराष्ट्रातही त्याला विरोध होऊन तो थांबला आणि कर्नाटकातही. सीमेच्या दोन्ही बाजूंची सरकारं एवढ्या एका गोष्टीवर एकमताची निघाली, आणि मधल्या काळात मोबाईलने आपला अभ्यासक्रम शिकवून टाकला. असं शिक्षण दिलं की मुलं बिघडतात या भीतीला आधार नाही. युनेस्कोने २०१८ मध्ये जगभरचे अभ्यास तपासून तेच सांगितलं आहे. आपल्या मराठी शाळांत दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहेच. तो ‘घरी वाचा’ म्हणून सोडू नका, एवढं पालकसभेत तुम्ही सरांना नक्की म्हणू शकता. चार आया एकत्र म्हणाल्या तर सर ऐकतात.

आता मदत कधी घ्यायची. मुलगा जेवण-झोप सोडत असेल, शाळेला जायला नको म्हणत असेल, स्वतःला इजा करायचं बोलत असेल, लहान भावंडांशी काही विचित्र वागत असेल, किंवा कुण्या मोठ्या माणसाने काही केल्याचा संशय असेल, तर थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे आणि त्यावर भाषा निवडता येते, मराठीसुद्धा. कन्नड येत नाही म्हणून फोन टाळायचं कारण नाही. बेळगावात बिम्सच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, पुढे धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. निपाणी-चिक्कोडीकडच्या लोकांना कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय जवळ पडतं.

डॉक्टरकडे आणायचं ठरलं तर त्याला खोटं सांगून, ‘डोळे तपासायला’ म्हणून आणू नका. आम्ही पहिल्या भेटीत मुलाशी एकट्याने बोलतो. तो जे सांगतो ते आम्ही आईबापांना सांगत नाही. त्याच्या जिवाला धोका असेल किंवा कुणी त्याच्यावर अत्याचार केला असेल तर मात्र गप्प राहता येत नाही, कायदाही राहू देत नाही. या दोन्ही गोष्टी निघायच्या आधी घरीच त्याला सांगा, आणि यायचं की नाही हे त्याला दोन दिवस ठरवू द्या.